सिनेमाच्या आधीचं ॲनिमेशन: फटी, भोकं आणि एमिल रेनो

प्रश्न असा आहे: सिनेमा आधी आला की ॲनिमेशन? डोळ्यात चित्र क्षणभर रेंगाळतं म्हणून ते हलताना दिसतं, हे पाठ्यपुस्तकातलं स्पष्टीकरण बरोबर का? पहिला ॲनिमेटर कोणाला म्हणायचं? आणि आपल्याकडे हे सगळं कधी सुरू झालं?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ॲनिमेशन आधी, आणि तेही साठएक वर्षं आधी. रेंगाळणाऱ्या चित्राचं स्पष्टीकरण अर्धवट आहे. पहिला ॲनिमेटर म्हणून बहुतेक जण एमिल कोलचं नाव घेतात, काही जण ब्लॅक्टनचं. माझं मत शार्ल-एमिल रेनोला. आपल्याकडचं उत्तर जरा लांबचं आहे, ते शेवटी देतो.

मी टूडीवाला, म्हणजे सपाट चित्रं काढून ॲनिमेशन करणारा. कागदावर शिकलो, आता टॅब्लेटवर काम करतो, त्यामुळे या इतिहासाकडे मी कारागिराच्या नजरेने बघतो हे आधीच सांगून टाकतो. पुस्तकांमध्ये सगळा भर ‘चित्र हललं!’ या चमत्कारावर असतो. टेबलावर बसणाऱ्या माणसाला मात्र चित्र हलवण्याचं फारसं काही वाटत नाही. दोन वेगळी चित्रं एकामागोमाग दाखवा, काहीतरी हलतंच. जीव खातं ते दुसरंच: जे हलायला नको ते जागेवर कसं ठेवायचं? पात्राने हात वर केला तर फक्त हात वर जायला हवा. डोकं थरथरता कामा नये, मागची भिंत लटपटता कामा नये. सुरुवातीच्या शंभर वर्षांतले महत्त्वाचे शोध या दृष्टीने तपासले तर ते बहुतेक सगळे हलत्याला स्थिर ठेवण्याचे निघतात. आणि त्यातल्या बऱ्याच शोधांत कुठे ना कुठे एक भोक पाडलेलं असतं.

आधी दोन गोष्टी बाजूला करू. इराणमधल्या शहर-ए-सोख्ता इथे सापडलेलं सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं मातीचं भांडं फॉरवर्डमध्ये फिरत असतं. त्यावर पाच चित्रांत झाडाकडे झेपावणारी बकरी आहे. चित्रं सुंदर आहेत, क्रमही आहे, पण ती हलती दिसावीत अशी सोय त्या भांड्यात कुठेच नाही. तोच न्याय आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीला. चित्रामागून चित्र दाखवत गोष्ट सांगायची ती परंपरा थोर आहे, पण तिथे हालचाल कथेकऱ्याच्या आवाजात असते, चित्रात नसते. अभिमान असावा, पण खोटा दाखला कशाला?

खरी सुरुवात १८३२ च्या अखेरीस. ब्रसेल्समध्ये जन्मलेला बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लातो आणि व्हिएन्नामधला सिमोन श्टाम्फर हे दोघे एकमेकांना न विचारता जवळजवळ एकाच वेळी एकाच यंत्रापाशी पोचले. प्लातोच्या चकतीला फेनाकिस्टिस्कोप म्हणतात, श्टाम्फरने आपल्या चकतीला स्ट्रोबोस्कोपिक चकती म्हटलं. त्याआधी मायकेल फॅरेडेने दातेरी चाकं एकामागे एक फिरवून दिसणाऱ्या भासांवर लिहिलं होतं, आणि दोघांच्याही विचाराला चालना मिळाली ती तिथूनच.

ही चकती करून बघितल्याशिवाय पुढचं काही डोक्यात शिरत नाही, म्हणून कृती सांगतो. जाड पुठ्ठ्याची ताटलीएवढी चकती कापा. कडेला समान अंतरावर बारा अरुंद खाचा पाडा, साधारण दोन-तीन मिलिमीटर रुंद. प्रत्येक दोन खाचांच्या मध्ये एक चित्र, म्हणजे बारा चित्रं: उडी मारणारा बेडूक म्हणा. चकतीची मागची बाजू काळी करा. मध्ये टाचणी किंवा पेन्सिल घालून चकती आरशासमोर धरा, चित्रं आरशाकडे, आणि मागून खाचेतून आरशात बघत फिरवा. बेडूक उड्या मारायला लागतो. आता चकती तशीच फिरवत ठेवा, फक्त खाचेतून न बघता वरून थेट आरशात बघा. बेडूक गायब! राखाडी रंगाचा एक पट्टा उरतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. चित्र डोळ्यात रेंगाळल्यामुळे हालचाल दिसत असती तर खाचांशिवायही दिसायला हवी होती, कारण चित्रं तीच, वेग तोच, डोळाही तोच. प्रत्यक्षात रेंगाळणारी चित्रं एकावर एक सांडून चिखल होतो. खाच दोन कामं करते: एक चित्र क्षणभर दाखवते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढचं चित्र जागेवर येईपर्यंत मधला सगळा सरकता भाग पुठ्ठ्याच्या काळ्या पाठीमागे लपवते. दोन झलकांमधली हालचाल मेंदू स्वतः भरून काढतो. १९१२ मध्ये माक्स वर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने दोन स्थिर रेघा ठरावीक अंतराने आळीपाळीने दाखवून हे नीट तपासलं. वेळेचं अंतर बरोबर साधलं की बघणाऱ्याला दोन रेघा दिसतच नाहीत, एकच रेघ इकडून तिकडे जाताना दिसते. रेंगाळणं मग कुठे उपयोगी पडतं? १८२५ च्या सुमारास लंडनमध्ये डॉ. जॉन आयर्टन पॅरिस यांनी विकायला आणलेल्या थॉमट्रोपमध्ये. चकतीच्या एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला पिंजरा, दोरी पिळून सोडली की पक्षी पिंजऱ्यात. तिथे दोन चित्रं एकत्र दिसतात, पण हलत काहीच नाही.

पुस्तकांमध्ये या सगळ्याच्या आधी पीटर मार्क रॉजेचा १८२४ चा निबंध हमखास येतो. इंग्रजी समानार्थी शब्दांचा कोश करणारा तोच हा रॉजे. त्याचा निबंध कशावर होता? कुंपणाच्या उभ्या पट्ट्यांच्या फटींतून जाणाऱ्या गाडीचं चाक बघितलं तर आरे वाकडे आणि स्थिर का दिसतात, यावर. म्हणजे हलतं चाक थांबलेलं का दिसतं हा त्याचा विषय, नेमका उलटा. तरी लोक एकमेकांचं बघून तो दाखला देतायत.

चकतीतलं आणखी एक गमतीचं प्रकरण म्हणजे खाचा बारा आणि चित्रंही बारा असली तर बेडूक जागच्या जागी उडतो. चित्रं अकरा किंवा तेरा केली की तो उडत उडत चकतीभोवती फिरायला लागतो. म्हणजे स्थिर ठेवणं हा निव्वळ मोजणीचा प्रश्न आहे, हे १८३३ मध्येच लक्षात आलेलं होतं.

प्लातोबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दृष्टीवरच्या प्रयोगासाठी १८२९ मध्ये त्याने पंचवीसएक सेकंद थेट सूर्याकडे टक लावली होती. १८४३ पर्यंत तो पूर्ण आंधळा झाला. त्या एका प्रयोगामुळे झाला की डोळ्यांच्या वेगळ्या दुखण्यामुळे, यावर आजचे डॉक्टर दुसऱ्या कारणाकडे झुकतात. पण त्यानंतरही तो कितीतरी वर्षं घरच्यांकडून प्रयोग करून घेत, निरीक्षणं ऐकत काम करत राहिला.

झोट्रोप भराभर उरकतो. ब्रिस्टलच्या विल्यम हॉर्नरने १८३४ मध्ये चकतीऐवजी पिंप सुचवलं, चित्रं आत आणि फटी चित्रांच्या मधेमधे. तीस वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही, मग १८६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिका-इंग्लंडमध्ये घरोघरी ते खेळणं गेलं. १८६८ मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन बार्न्स लिनेटने फ्लिप-बुकचं पेटंट घेतलं. फ्लिप-बुकमध्ये फट नाही, पण कागद अंगठ्याखालून सुटताना मधलं सगळं झाकूनच येतो.

या सगळ्या खेळण्यांचा एक रोग होता. फट अरुंद ठेवली तर चित्र स्पष्ट पण अंधुक, रुंद केली तर उजेड भरपूर पण चित्र पुसट. शिवाय झोट्रोपमध्ये जवळची फट आणि पलीकडचं चित्र उलट दिशांना पळतात, त्यामुळे आकृत्या किडकिडीत दिसतात. जाणकार चित्रकार म्हणूनच आकृत्या मुद्दाम जाड काढायचे.

हा रोग बरा केला रेनोने. फ्रान्समधल्या ल प्युई गावात तो विज्ञानावर सार्वजनिक व्याख्यानं द्यायचा, हातात यंत्रकाम, वडिलांकडून आलेलं कसब. १८७७ मध्ये त्याने प्रॅक्सिनोस्कोप केलं. फटी काढूनच टाकल्या आणि पिंपाच्या मध्यभागी बारा आरशांचा बहुकोनी खांब बसवला. चित्रांची पट्टी बाहेरच्या कडेला आतून, आणि आरसे अक्षापासून पट्टीपर्यंतच्या बरोबर अर्ध्या अंतरावर. आरशामागे प्रतिमा तेवढ्याच अंतरावर पडते, म्हणजे प्रत्येक चित्राची प्रतिमा नेमकी पिंपाच्या अक्षावर येते. अक्ष फिरतो पण जागा सोडत नाही, म्हणून प्रतिमाही जागा सोडत नाही. एक आरसा जाऊन दुसरा येतो तेव्हा एक चित्र दुसऱ्यात विरघळतं. अंधार नाही, लुकलुक नाही, दिव्याचा सगळा उजेड डोळ्यापर्यंत. भूमितीच्या एका साध्या नियमावर एवढं देखणं काम फार कमी वेळा झालं असेल.

पण बारा चित्रं म्हणजे बारा चित्रं. सेकंद-दीड सेकंदात गोष्ट संपते आणि पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे याला सायकल म्हणतात. सायकलमध्ये नाचता येतं, धावता येतं, पण गोष्ट सांगता येत नाही. रेनोला गोष्ट सांगायची होती. त्यासाठी त्याने पट्टी पिंपाबाहेर काढली, हवी तेवढी लांब केली, दोन रिळांवर गुंडाळली. आता पंचाईत अशी की लांब पट्टी सरकते, ताणते, आणि चित्र आरशासमोर नेमकं येत नाही. उपाय त्याने १८८८ च्या पेटंटमध्ये लिहून ठेवला आहे: पट्टीवर चित्राचित्रामध्ये भोक, आणि चाकावर त्या भोकात बसणाऱ्या खुंट्या. चाक आणि आरसे एकत्र फिरणार, त्यामुळे प्रत्येक चित्र आपल्या आरशासमोरच येणार. पुढे सिनेमाच्या फिल्मला कडेने जी भोकं आली त्यांच्या आधीचं हे काम आहे.

२८ ऑक्टोबर १८९२ ला पॅरिसच्या म्युझे ग्रेवँ या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयात या ‘थिएत्र ऑप्तिक’चे खेळ सुरू झाले. ल्युमिएर बंधूंच्या सिनेमाच्या पहिल्या तिकीट लावलेल्या खेळाला अजून तीन वर्षं होती. पट्टी म्हणजे फोटोची फिल्म नव्हती. जिलेटिनच्या पारदर्शक चौकोनी तुकड्यांवर रेनोने स्वतः हाताने रंगवलेली चित्रं, आकृतीभोवती सगळं काळं. ‘पोव्र पियरो’ या खेळात अशी पाचशे चित्रं, पट्टी छत्तीस मीटर. पडदा प्रेक्षक आणि यंत्र यांच्या मध्ये, रेनो पडद्यामागे.

त्या काळ्या रंगाकडे नीट बघा, कारण खरी हुशारी तिथे आहे. काळा भाग उजेड अडवतो, म्हणून पडद्यावर फक्त पात्रं उमटतात. अंगण, भिंत, झाडं हे सगळं वेगळ्या काचेवर रंगवून दुसऱ्या दिव्याने त्याच पडद्यावर टाकलेलं. पार्श्वभूमी एकदाच काढली, ती हलायचा प्रश्नच नाही, आणि पात्रं तिच्यावर मोकळी. आज आम्ही सॉफ्टवेअरमध्ये बॅकग्राउंडचा लेअर खाली आणि कॅरेक्टरचा लेअर वर ठेवतो, तेच. फक्त तिथे लेअर म्हणजे दोन दिवे होते.

आणि तो खेळ चालवायचा कसा? पाचशे चित्रं सरळ ओढली तर मिनिटभरात संपतील. रेनो दोन्ही हातांनी दोन रिळं फिरवत पट्टी पुढे न्यायचा, थांबवायचा, मागे आणायचा, पुन्हा पुढे. पियरो हा विदूषक दचकतो तो भाग प्रेक्षक हसले तर लांबवायचा. असा तो खेळ दहा-पंधरा मिनिटं चालायचा, सोबत गास्तों पोलँचं संगीत. आज इंटरनेटवर ‘पोव्र पियरो’ची जी आवृत्ती सापडते ती जेमतेम चार-पाच मिनिटांची आहे. तिच्यावरून रेनोच्या टायमिंगबद्दल मत बनवू नका. ते त्याच्या मनगटात होतं, पट्टीवर नव्हतं.

१९०० पर्यंत सुमारे पाच लाख लोकांनी हे खेळ बघितले. मग ते बंद पडले, आणि कारण कलेचं नव्हतं, हिशोबाचं होतं. रेनोची प्रत्येक पट्टी म्हणजे एकमेव मूळ प्रत. फाटली की दुरुस्त करायची, झिजली की पुन्हा रंगवायची, आणि दुसऱ्या गावात खेळ लावायचा तर स्वतः जायचं. ल्युमिएरचं रीळ कारखान्यात डझनांनी निघत होतं. ७ जुलै १८९६ ला, म्हणजे पॅरिसनंतर सात महिन्यांच्या आत, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचा खेळ झालाच ना? रेनोचं यंत्र बोरीबंदरला उतरवून चालवायला दुसरा रेनो लागला असता. १९१० नंतर कधीतरी त्याने आपल्या बहुतेक पट्ट्या सीन नदीत फेकल्या. १९१८ मध्ये तो वारला. पट्ट्यांपैकी मोजक्याच वाचल्या.

म्हणून पहिला ॲनिमेटर कोण म्हटलं की मी रेनो म्हणतो. चित्रं त्याने स्वतः काढली, गोष्ट होती, पात्रं होती, पडदा होता, तिकीट होतं, आणि मोठा प्रेक्षकवर्ग होता. फिल्मवर चित्रित केलेलं असायलाच हवं अशी अट घातली तर तो बाद होतो, पण ती अट सिनेमावाल्यांची आहे.

एडवर्ड मायब्रिजचा घोडा इथे अनेकांना आठवेल. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला ओळीने कॅमेरे लावून त्याने घोड्याची दौड टिपली, ते खरंच. पण १८७९ पासून व्याख्यानांत त्याने पडद्यावर जे दाखवलं ते बहुतांशी फोटो नव्हते, फोटोंवरून काचेच्या चकतीवर रंगवलेली चित्रं होती. त्याच्या यंत्रात चकती आणि फटी उलट दिशांना फिरायच्या, त्यामुळे घोडा आखूड दिसायचा, म्हणून चकतीवर घोडे ताणून लांब काढावे लागले. झोट्रोपचाच तो जुना रोग. म्हणजे फोटोच्या पोटातून सिनेमा जन्मला असं सांगताना मधल्या काळात चित्रकाराचा हात होता हे विसरलं जातं.

फिल्म आल्यावर ॲनिमेशन पुन्हा पहिल्या पायरीवर गेलं. रीळ भोकांमुळे कॅमेऱ्यात नेमकं बसायचं, पण कॅमेऱ्यासमोरचा कागद कोण धरणार? अमेरिकेत जे. स्टुअर्ट ब्लॅक्टनने १९०६ मध्ये फळ्यावर खडूने चेहरे काढले. फळा भिंतीला पक्का, त्यामुळे प्रश्न टळला. पॅरिसमध्ये गोमों कंपनीत काम करणाऱ्या एमिल कोलने १९०८ मध्ये ‘फँटास्मागोरी’ केली. सुमारे सातशे रेखाटनं, खालून उजेड दिलेल्या काचेवर मागचं चित्र बघत पुढचं गिरवायचं, प्रत्येक चित्र कॅमेऱ्यात दोनदा. ही ‘टूज’ची पद्धत आजही चालू आहे. पांढऱ्यावर काळी शाई, आणि निगेटिव्हच दाखवायची, म्हणून पडद्यावर फळ्यावरच्या खडूसारखं दिसतं. कोलने पार्श्वभूमी काढलीच नाही, आणि त्याच्या चित्रात सगळं सतत दुसऱ्या कशात तरी बदलत असतं. बाटलीचं फूल, फुलाचा हत्ती. जिथे सगळंच बदलतंय तिथे थरथर कोणाच्या लक्षात येणार? कमतरतेची शैली कशी करावी याचा मी नवीन मुलांना देतो तो पहिला नमुना हाच.

अमेरिकन व्यंगचित्रकार विन्झर मॅके मात्र हट्टी. १९१४ च्या ‘गर्टी’मध्ये त्याला डायनासोर नुसता हलायला नको होता, त्याला वजन हवं होतं, श्वास हवा होता, मागे डोंगर आणि तळं हवं होतं. सेल, म्हणजे चित्र काढायचे पारदर्शक तक्ते, अजून नव्हते. मग दर कागदावर गर्टी मॅके काढणार आणि जॉन फिट्झसिमन्स हा मदतनीस त्याच कागदावर डोंगर-तळं पुन्हा गिरवणार, असे हजारो कागद. कागद जुळावेत म्हणून कोपऱ्यांत फुल्या. आजही ‘गर्टी’ लावा आणि डायनासोरकडे न बघता मागच्या दगडांकडे बघा. दगड हलके थरथरताना दिसतात. आम्ही त्याला बॉइल म्हणतो. एका माणसाच्या मनगटाची ती मर्यादा आहे, आणि मला तरी ती थरथर आवडते.

त्याच सुमारास दोन साध्या युक्त्या आल्या आणि धंदा उभा राहिला. राऊल बारेच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत कागदांना ठरावीक भोकं पाडून ते टेबलावरच्या खुंट्यांवर अडकवायला लागले. हाच आजचा पेग बार: मधली खुंटी गोल, दोन्ही बाजूंच्या चपट्या. आणि अर्ल हर्डने १९१४ मध्ये सेलच्या पेटंटसाठी अर्ज केला: पार्श्वभूमी एकदाच रंगवा, पात्र पारदर्शक सेल्युलॉइडवर काढून तिच्यावर ठेवा. हर्ड आणि जॉन ब्रे यांनी पेटंटं एकत्र करून इतर स्टुडिओंकडून वर्षानुवर्षं लायसन्सची फी वसूल केली. रेनोने बावीस वर्षं आधी दोन दिव्यांनी केलेलं काम सेलने कागदाच्या भावात आणून ठेवलं, एवढाच फरक. पण त्या भावामुळे एकाने की ड्रॉइंग, म्हणजे हालचालीच्या मुख्य टप्प्यांची चित्रं, काढायची, दुसऱ्याने मधली चित्रं, तिसऱ्याने शाई आणि चौथ्याने रंग, अशी कामाची वाटणी शक्य झाली. पुढे डिस्ने आला तो या तयार घरात.

आता आपल्याकडचं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे मुलगे १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ करत होते. मॅजिक लँटर्न म्हणजे काचेवरचं चित्र पडद्यावर टाकणारा दिवा, त्यावर हाताने रंगवलेल्या काचा भराभर बदलून पुराणकथांतली पात्रं हलती दाखवायची. रेनोचा ग्रेवँमधला काळ आणि हा काळ एकच, ही नोंद फ्रेंच पुस्तकांत सापडणार नाही. पण काचा एकेक करून सरकवायच्या असल्याने हालचाल मोजक्या ठिकाणीच.

दादासाहेब फाळक्यांकडे बघताना ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीचं १९१२ चं एक छोटं काम बघायला हवं. लंडनहून कॅमेरा आणल्यावर भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा एका जागी ठेवून रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर अंकुर बघता बघता वर येतो. तंत्र म्हणून हे ॲनिमेशनच्या सख्ख्या शेजारचं: कॅमेरा अचल, दोन चित्रांमध्ये वेळ. १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ आली, तेव्हा तेच तंत्र त्यांनी काड्यांवर वापरलं. काडी सरकवा, एक फ्रेम घ्या, पुन्हा सरकवा. कोलनेही १९०८ मध्ये काड्यांवर फिल्म केली होती. काड्या निवडण्यामागे व्यवहार दिसतो. काडी टेबलावर पडून राहते, ती पुन्हा गिरवावी लागत नाही, त्यामुळे पेग नको, सेल नको, मदतनीस नको. एकटा माणूस घरात बसून करू शकतो.

रेखाटनांच्या ॲनिमेशनला मात्र माणसांची रांग लागते, आणि ती रांग आपल्याकडे उशिरा लागली. १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभातने ‘जंबू काका’ करून बघितलं, पण तो एखाद-दुसरा प्रयत्न राहिला. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला आणि डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले, तेव्हा पेगवर कागद लावून रोज कामाला बसणारी पहिली मराठी-हिंदी-तमिळ मुलं एका खोलीत जमली.